पाण्याचं वजन

मांडवी, रत्नागिरी
१८ नोव्हेंबर १९८५

बाय,

पाया पडतो. काल सकाळी एस.टी.नं सुखरूप पोचलो. कंबर मोडली, पण माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थाचे हाल जास्त झाले. दोघांच्या सीटवर त्या बिचाऱ्याच्या वाट्याला फार तर पाव सीट आली असेल. चिपळूणला उतरताना तो माझ्याकडे असा बघत होता की मीच त्याची माफी मागितली.

तुळसाला सगळं नीट सांगितलं. बायची दोन्ही मूत्रपिंडं गेली, आठवड्यातून दोनदा मशीनवर झोपवून रक्त धुतात आणि हे असं फार दिवस चालायचं नाही. भावोजींचा रक्तगट जुळत नाही, पोरं लहान आहेत. राहिला पाठचा एकुलता एक भाऊ, त्याचं सगळं जुळलं. फक्त देह तेवढा जुळला नाही. अठ्ठ्याऐंशी किलो! "पंचाहत्तर करून या, रक्तदाबही उतरेल, मग लगेच तारीख देतो," असं डॉक्टर म्हणाले तेव्हा तू हसलीस. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा हसलीस, असं भावोजी मला जिन्यात म्हणाले.

का हसलीस ते मला ठाऊक आहे. आई गेली तेव्हा मी दोन वर्षांचा. पेज भरवून भरवून मला गोल केलंस ते तूच. मला कडेवर घेऊन जेटीवर मिरवायचीस आणि आप्पांना सांगून मासळीच्या तराजूत बसवायचीस. आता तूच वाढवलेलं उतरवायचं आहे.

तुळसानं डॉक्टरांच्या वरताण नियम केले आहेत. दिवाळीच्या उरलेल्या करंज्या मी जेटीवरून घरी यायच्या आत शेजारी वाटून टाकल्या. भात बंद, तळलेलं बंद, दोन वेळा नाचणीची एकेक भाकरी आणि उकडलेली मासळी. नारळही बंद. रत्नागिरीत राहून आमटीत नारळ नाही, म्हणजे समुद्राकाठी राहून पाय कोरडे ठेवण्यातला प्रकार. पण मी हूं की चूं केलेलं नाही.

वजन कुठं करायचं हा प्रश्न मला नाहीच. मिरकरवाड्याच्या जेटीवर कंपनीच्या कोळंबीचा काटा दिवसभर माझ्याच हातात असतो. दर सोमवारी बोटी लागायच्या आत मी त्यावर उभं राहायचं, असं ठरलं. आकडा मात्र धोंडूबाईनं वाचायचा. ही खंडू तांडेलाची अट. तो म्हणाला, "तोलनारा आनि माल एकच झाला, तर इस्वास कोनी ठेवायचा?" सगळे हसले, मीही हसलो. धोंडूबाई तुझ्याबरोबर शिंपल्या वेचायला यायची ती, आता जेटीवर तिचा आवाज भोंग्यासारखा चालतो. तुझं नाव ऐकून तिनं डोळ्याला पदर लावला आणि लगेच माझ्या पोटावर चापट मारून म्हणाली, "ह्ये आमी उतरवतो, तू काळजी करू नको म्हनून लिव दमीला."

तेव्हा तू काळजी करू नकोस. तेरा किलो म्हणजे किती, एक मोठी टोपली. ती माझ्याकडे लागली.

तुझा
महिपत


१६ डिसेंबर १९८५

बाय,

पाया पडतो. राहीच्या हातचं तुझं पत्र मिळालं. पोरीचं अक्षर तुझ्यासारखंच डावीकडे कलतं.

आजचा आकडा त्र्याऐंशी. धोंडूबाईनं तो इतक्या मोठ्यानं सांगितला की लांबच्या बोटीवरचे खलाशीही वळून बघायला लागले. आता हे माझं एकट्याचं राहिलेलं नाही. सोमवारी सगळी जेटी काट्याभोवती जमते. मी चढलो की सगळे गप्प होतात, आणि आकडा उतरला की म्हाताऱ्या बायका मीठमोहऱ्या उतरवल्यासारखे हात ओवाळतात. मला परवा एका पोरानं भजी खाताना पकडलं तर त्यानं सरळ जाऊन तुळसाला सांगितलं. एकच भजी होती, तीही अर्धी. संध्याकाळची भाकरी गेली.

तू लिहिलंस की तुलाही मशीनवर जाण्याआधी आणि नंतर काट्यावर उभं करतात. दोन खेपांच्या मध्ये अंगात पाणी साठतं, ते वजनात दिसतं आणि नर्स रागावते. दिवसाला दोन पेले पाणी, त्यातच चहा आणि औषध. शहाळं तर बंदच. बाय, हे वाचून मी हातातला तांब्या खाली ठेवला. लहानपणी विहिरीवर रहाटाची बादली वर यायच्या आधी तू ओंजळ पुढं करायचीस. आता तू बर्फाचा खडा तोंडात धरून तो विरघळेपर्यंत खिडकीतून बघत बसतेस, असं राहीनं खाली तिच्या मनानं लिहिलं आहे. तिला रागावू नकोस.

म्हणजे आपण दोघं भावंडं काट्यावर. तुझा वर जाता कामा नये आणि माझा खाली आला पाहिजे. आप्पा असते तर म्हणाले असते, दोघांना एकाच तराजूत घाला, आपोआप जमेल.

आप्पांवरून आठवलं. तुळसा म्हणते मी हल्ली झोपेत त्यांना हाका मारतो. मला काही आठवत नाही. साधं हर्नियाचं ऑपरेशन होतं, चार दिवसांत येतो म्हणून गेले होते. मग तू एकटीच आलीस, त्यांचे कपडे पिशवीत घालून. मी पिशवी उघडून त्यात काय शोधत होतो कोण जाणे. पण ते जुनं झालं, तेव्हाची इस्पितळं वेगळी आणि आताची वेगळी. असं डॉक्टरही म्हणाले.

जपून राहा. पुढचं पत्र येईल तेव्हा मी ओळखू येणार नाही इतका बारीक झालेला असेन.

तुझा
महिपत


२७ जानेवारी १९८६

बाय,

पाया पडतो. पत्राला उशीर झाला. कोळंबीचा हंगाम आहे, सकाळी जातो तो दिवेलागणीलाच येतो.

आकडा ब्याऐंशी. तीन सोमवार झाले, ब्याऐंशीच. मधे जरा खाली जायला लागला होता, पण परत तिथंच आला. डॉक्टरांना विचार, असं होतं का. इथल्या आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की शरीराला सवय होते आणि ते अडून बसतं, मग काही केल्या हलत नाही. थंडीत भूकही जास्त लागते. शिवाय आपलं घराणंच हाडापेरानं दणकट.

तुळसाला हे पटत नाही. ती म्हणते, मग पँट दोनदा आत घ्यावी लागली ती कशी? मी म्हटलं, कापड धुऊन धुऊन सैल पडतं. बायकांना शिवणाचं कळत असेल, वजनाचं मला कळतं. गेली बारा वर्षं तेच करतो आहे.

बाकी सगळं ठीक. पडवीत टांगलेलं आप्पांचं फेकजाळं मध्यंतरी खाली काढलं. उंदरांनी जागोजाग कुरतडलं आहे. डागडुजी करायची म्हणून काठाची शिशाची सर सोडवून ठेवली आहे. त्या जाळ्यानं तू गुडघाभर पाण्यात उभी राहून बोयटं धरायचीस. मुली जाळं टाकत नाहीत म्हणून लोक बोलायचे आणि आप्पा म्हणायचे, माशांना काय ठाऊक.

माझ्या कमरेला थोडं पुरळ उठलं आहे, दुसरं काही नाही. घामाचं असेल.

तू लिहिलंस, "महिपा, घाई करू नको, जिवाला जप. मी थांबते." थांबते म्हणून लिहिलंस, ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. जास्त लिहीत नाही, दिवा जाणार असं वाटतं.

तुझा
महिपत


२४ फेब्रुवारी १९८६

बाय,

भावोजींचं कार्ड मिळालं. तुला ताप आला होता, छातीत पाणी झालं होतं आणि एक दिवस मशीन मधेच थांबवावं लागलं, हे वाचलं. आता बरं आहे ना? दोन ओळी राहीकडून तरी लगेच पाठव.

भावोजींनी विचारलं आहे की वजनाचं कुठवर आलं. त्यांना सांग, एक्क्याऐंशी. मी काही हौसेनं जड राहिलेलो नाही. जेवण म्हणाल तर कोंबडीला घालतात तेवढं. त्यांनी जरा विचार करून लिहावं. मलाही तीन मुली आहेत.

मला वाटतं डॉक्टरांना एकदा विचारून बघायला हरकत नाही. माझं हे असंच अडून राहिलं तर किती दिवस वाट बघायची. चुलत्यांपैकी कुणी, किंवा भावोजींच्या बाजूचं कुणी. मी मागे हटतो असं समजू नकोस. फक्त तुझ्या जिवासाठी म्हणतो.

खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं माझं झालं आहे. कुणी साधं "काय महिपत, किती झालं?" विचारलं तरी अंगावर जातो. परवा खंडूवर उगीच ओरडलो. आणखी काही लिहायचं होतं. राहू दे.

महिपत


११ मार्च १९८६

बाय,

हे पत्र राहीला वाचायला देऊ नकोस. डोळ्यांना त्रास झाला तरी थांबून थांबून तूच वाच. आणि वाचून झाल्यावर तुला जे करायचं ते कर.

माझं वजन चौऱ्याहत्तर आहे. फेब्रुवारीच्या मध्यापासूनच ते पंचाहत्तरच्या आसपास आहे. मी तुला खोटं लिहीत होतो, आणि लिहिण्याआधी सगळ्या जेटीसमोर खोटा उभा राहत होतो.

जानेवारीचा पहिला सोमवार होता. धोंडूबाईनं वाचलं, "एकोनऐंशी! महिपत काठाला लागला!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हसत हसत काट्यावरून उतरलो. तोपर्यंत वजन उतरवणं म्हणजे नुसतं वजन उतरवणं होतं, भाकरी आणि चेष्टा. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की खाली ऑपरेशनचं टेबल आहे, दिवा आहे आणि सुरी आहे. मला आप्पांची पिशवी दिसली. आणखी चार किलो आणि तारीख. त्याच दिवशी घरी येऊन मी आप्पांचं जाळं खाली काढलं.

डागडुजीला नव्हे. काठाची शिशाची सर सोडवली आणि पुढच्या सोमवारी बनियनच्या आतून कमरेभोवती गुंडाळून वर सदरा घातला. पोटही भरलेलं दिसलं. वाटलं, पंधरा दिवस मिळाले तर मन घट्ट करता येईल. पंधरा दिवसांनी वाटलं, आणखी पंधरा. पण तुळसाची भाकरी काही थांबेना आणि खरं वजन खाली जातच राहिलं, मग शिसं पुरेना. तेव्हा मी काय केलं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. सोमवारी निघताना विहिरीवर उभा राहून पाणी पीत होतो. तांब्यावर तांब्या, नको होईपर्यंत. तू घोट मोजत होतीस आणि मी तुझ्यापासून लपण्यासाठी पाणी ढोसत होतो. त्यातल्या एका सोमवारी तू छातीत पाणी होऊन मशीनवर होतीस, तारीख भावोजींच्या कार्डावर आहे.

तुझं "मी थांबते" वाचलं त्या दिवशी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. उलट दुसरं कुणी बघ म्हणून लिहिलं. त्या पत्राची मला सगळ्यात जास्त लाज वाटते, कारण शिसं बांधताना हात तरी कापत होते, ते पत्र लिहिताना कापले नाहीत.

कालचं सांगतो.

काल सोमवार. मी काट्यावर चढलो, धोंडूबाई पुढं झाली, आणि गर्दीतून तुळसा आली. लग्न झाल्यापासून ती मासळीच्या वेळेला कधी जेटीवर आलेली नाही. तिच्या हातात घडी घातलेला पंचा होता. मला म्हणाली, "अवो, सदरा बनियन काडा नि ह्यो नेसा. मासळी काय कापडं घालून तोलतात?"

लोक हसले. त्यांना वाटलं नवराबायकोची थट्टा. मी तिच्या डोळ्यांत बघितलं आणि मला कळलं की तिला ठाऊक आहे. नंतर घरी सांगितलं तिनं, बनियनवर काळे डाग यायचे, साबणानं जायचे नाहीत. कमरेचं पुरळ तिनंच खोबरेल लावून बघितलं होतं, त्यात मण्यांचे वळ होते.

बाय, तेव्हाही मी खरं बोललो नाही. मी काट्यावरून उतरलो आणि म्हणालो, "आज राहू दे. काट्यातच खोट आहे. बरेच दिवस झाले, बरोबर दाखवत नाही."

बोलून गेलो. खंडू तांडेल हळूच म्हणाला, "काट्यात खोट? मंग आमची कोळंबी?"

मला ते सुचलंच नव्हतं. बारा वर्षं ज्या काट्यावर मी ह्या लोकांच्या घामाचं वजन करतो तो खोटा आहे, असं मीच माझ्या तोंडानं सांगितलं होतं. बायकांनी टोपल्या उचलल्या. कोणी म्हणालं कंपनी लुटते, कोणी म्हणालं महिपत पण त्यातलाच. सुपरवायझर धावत आला. त्यानं शेडमधून शिक्क्याची लोखंडी वजनं आणून सगळ्यांसमोर काट्यावर ठेवली. वीस ठेवले तर वीस, चाळीस ठेवले तर चाळीस. काट्याची दांडी कशी सरळ राहिली होती. मग सगळे काट्याकडून माझ्याकडे वळले.

मी सदरा काढला. बनियन काढली. शिशाची सर सोडली तेव्हा ती फरशीवर पडली आणि मणी आपटल्याचा तो आवाज, जाळं पाण्यावर पडतं तेव्हा कसा येतो, तसाच आला. मी पंचा गुंडाळून काट्यावर चढलो. धोंडूबाईनं आकडा वाचला, पण ओरडली नाही. मला ऐकू येईल एवढंच म्हणाली, "चौऱ्यात्तर." मग वाकून तिनं ती सर उचलली, हातावर तोलली आणि विचारलं, "महिपता, ह्याचा काय भाव लावतोस?"

मग म्हणाली, "दमी माज्या पाटीतली भाकरी तुला द्यायची. तिची शपथ, आजपास्नं मी तुजा आकडा वाचनार नाय."

आम्ही दोघं चालत घरी आलो. वाटेत मी तुळसाला विचारलं, घरातच का नाही विचारलंस? एवढं चारचौघांत का? ती म्हणाली, "घरात इचारलं असतं तर घरातच राह्यलं असतं. तुमी रडला असता, मी समजूत काडली असती, नि बाय तिकडं मेली असती."

मग पडवीत बसून तिनं जाळ्याला ती सर परत शिवायला घेतली. मी सुतळी धरली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती. तिलाही भीती वाटते, बाय. तीन मुली आणि हा असला नवरा. पण तिनं भीती उरावर घेतली आणि मी कमरेला बांधली.

मी भित्रा आहे. अजूनही आहे, हे लिहिताना पण आहे. वजन उतरलं तसं हे काही उतरलं नाही. हे पत्र आधी तुला मिळावं म्हणून शुक्रवारच्या गाडीची दोन तिकिटं काढली आहेत, मुलींना धोंडूबाईकडे ठेवतो. ठेव म्हणून मी सांगितलं नाही, मला ते तोंड नाही, तुळसानं सांगितलं.

माफी मागत नाही. मागितली तर ती तू देशील, आणि तेही मी तुझ्याकडून घेतल्यासारखं होईल. तू नको म्हणालीस तर दारातून परत फिरेन. एवढंच कर, नको म्हणायचं तर स्वतः म्हण.

महिपत


मुंबई, पुरुष वॉर्ड
१० एप्रिल १९८६, सकाळ

बाय,

तू वरच्या मजल्यावर आणि मी खाली, तरी पत्रच लिहितो आहे. समोर आलो की तू भिंतीकडे तोंड करतेस. महिना होत आला. कागदावर सही केलीस, डॉक्टरांना हो म्हणालीस, तुळसाशी बोलतेस, तिच्या हातचं खातेस, पण मला एक शब्द नाही. ते बरोबर आहे. मी पायाशी स्टुलावर बसतो आणि तुझे सुजलेले पाय बघतो. तू "जा" म्हणत नाहीस तोवर बसेन असं ठरवलं आहे, आणि तू "जा"ही म्हणत नाहीस.

माझं पत्र तुझ्या उशीखाली आहे, असं राही म्हणाली. घडीवर फाटायला आलं आहे म्हणे.

काल मला इथल्या काट्यावर उभं केलं. इथं पंचा नाही, पाठीमागून बांधायचा हिरवा झगा आहे. नर्सनं आकडा लिहिला आणि वर बघून विचारलं, "घाबरलात का?" मी हो म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सरळ हो म्हणालो असेन. ती म्हणाली, सगळेच घाबरतात. इतकी साधी गोष्ट होती, बाय. तुला नोव्हेंबरातच त्या जिन्याजवळ सांगितलं असतं की मला भीती वाटते, तर तू काय म्हणाली असतीस? माझा हात धरून खाली कँटीनमध्ये नेलं असतंस आणि चहा पाजला असतास. तुझ्या वाट्याच्या पाण्यातला.

हे सगळं त्या शिसं बांधलेल्या महिन्यांत एकदाही सुचलं नाही. त्या महिन्यांत तू जी झिजलीस ती भरून येणार नाही, हे डॉक्टरांनी भावोजींना सांगितलं ते मी दाराआडून ऐकलं. आधी आलो असतो तर तुझ्या हृदयावर एवढा ताण आला नसता. आता आज काय होईल ते डॉक्टर सांगत नाहीत. तुझं काही बरंवाईट झालं तर त्यात माझं किती, हे मला कुठल्याच काट्यावर तोलता येणार नाही. ते मी जन्मभर अंगावर घेऊन फिरणार आहे, आणि ते कुणाला दिसणार नाही.

आप्पांचं जाळं नीट झालं आहे. तुळसानं सर इतकी घट्ट शिवली आहे की आता ती सुटायची नाही.

रात्रीपासून पोटात काही घ्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. आता नऊ वाजले असतील. जीभ टाळूला चिकटते आहे, ओठ फुटल्यासारखे झाले आहेत. समोरच्या खाटेवरचा माणूस पेल्यातून पाणी पितो, त्याच्या घशाचा आवाज मला इथवर ऐकू येतो. एका रात्रीचं हे. तुझे किती महिने झाले?

आत्ता तुळसा वरून येऊन गेली. तुला आधी नेणार होते, पण आता मला आधी नेणार आहेत, स्ट्रेचर बाहेर आलेलं आहे. ती म्हणाली, बायनं आज आपणहून तुमचं नाव काढलं. मी विचारलं, काय म्हणाली? तुळसा म्हणाली, भिंतीकडचं तोंड वळवून एवढंच विचारलंन, "महिपाला तहान लागली काय गो?"

लागली, बाय. खूप लागली.